झोपाळा, स्लॅब आणि दुरुस्त केलेलं हॅमर मशीन

डोंबिवली पूर्वेला माझ्या मामेभावाचा फ्लॅट आहे. इमारत १९९८ ची, तळमजला अधिक चार, फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. गुहागरकडचं गावचं घर पाडायला काढलं तेव्हा ओटीवरचा झोपाळा मामीने डोंबिवलीला आणवला. सागवानी फळी, पितळी कड्या, सगळं शाबूत. तो हॉलमध्ये टांगायचा असं घरात ठरलं आणि दादाने, म्हणजे मामेभावाने, काम स्वतः करायचं मनावर घेतलं. त्यासाठी मुंबईतल्या एका दुकानातून त्याने रिफर्बिश्ड, म्हणजे जुनं दुरुस्त करून विकलेलं, रोटरी हॅमर मशीन (काँक्रीटला ठोके मारत भोक पाडणारं) आणलं. नामांकित कंपनीचं, २६ मिमी क्षमतेचं, ८०० वॉटचं, ४,२०० रुपयांना. तशाच नव्या मशीनला तेव्हा दहा हजारांच्या आसपास पडत होते. मी बांधकामाच्या साइटवर काम करतो, त्यामुळे भोकं कुठे पाडायची हे विचारायला त्याने मला बोलावलं. मशीनबद्दल त्याला काही विचारायचं नव्हतं. ते चालू होत होतं, आवाज दणदणीत होता आणि दुकानदाराने समोर विटेत भोक पाडून दाखवलं होतं.

विटेतलं भोक हा खरं तर कसलाच पुरावा नाही. वीट साध्या ड्रिलनेही फुटते. प्रश्न स्लॅबचा होता, तोही उलटा, डोक्यावर हात करून.

आधी वजनाचा हिशेब

मशीन कसं हवं हे काम ठरवतं, म्हणून आधी काम मोजलं. फळी पाच फूट बाय दोन फूट, दीड इंचाहून थोडी जाड. सागाचं वजन धरलं तर वीस-पंचवीस किलो. पितळी कड्यांचे चार सर मिळून जवळपास तेवढेच. बसणारी मोठी माणसं तीन धरली, कारण गणपतीत नातवंडांसकट चौघं बसणार हे मामीनेच सांगून ठेवलं होतं. एकूण अडीचशे किलो. झोपाळा हलायला लागला की खालच्या टोकाशी ओढ वाढते. उभ्या रेषेपासून तीस अंशांपर्यंत झोका गेला तर ती सुमारे सव्वापट होते, म्हणजे सव्वातीनशे किलो. हे वजन चार टांगण्यांवर सारखं कधीच वाटलं जात नाही. फळी जरा तिरकी झाली की दोनच टांगण्या सगळं ओढतात. म्हणून प्रत्येक टांगणीवर एकशे साठ किलो येणार असं धरलं आणि त्यावर भरपूर सुरक्षितता ठेवली.

दादाची पहिली कल्पना होती की दोन कड्या पंख्याच्या हुकाला अडकवायच्या. पंख्याचा हुक पंख्यासाठी असतो. स्लॅब ओतताना मजुराने तो कशाला आणि किती अडकवला हे आज कुणालाच माहीत नसतं, आणि झोक्याची ओढ एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने येते. तो विषय तिथेच मिटला.

जुन्या स्लॅबबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. १९९८ साली आयएस ४५६ ची, म्हणजे काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकाची, १९७८ ची आवृत्ती चालू होती. तिच्यात आरसीसीसाठी एम १५ काँक्रीट (आकडा जितका मोठा तितकं मजबूत) चालत असे आणि स्लॅबच्या सळईवर किमान कव्हर, म्हणजे सळईबाहेरचा काँक्रीटचा थर, १५ मिमी. २००० सालच्या आवृत्तीने एम २० च्या खाली जायला मनाई केली आणि कव्हर २० मिमीवर नेलं. म्हणजे या इमारतीचं काँक्रीट कमी दर्जाचं असेल आणि सळई गिलाव्यापासून फार आत नसेल असंच गृहीत धरायला हवं होतं. सुदैवाने सोसायटीने स्ट्रक्चरल ऑडिट करून घेतलेलं होतं (पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीला सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे ते दर पाच वर्षांनी करावं लागतं, पण किती सोसायट्या करतात ते सोडा). अहवालात दुसऱ्या मजल्याच्या हॉलच्या स्लॅबला गळती नव्हती, सळई गंजल्याची खूण नव्हती. ज्यांनी ऑडिट केलं त्या इंजिनिअरना फोन करून झोपाळ्याची जागा दाखवली. त्यांनी एकच बदल सुचवला: झोपाळा खोलीच्या मधोमध नको, दोन टांगण्या बीमच्या जवळ येतील असा सरकवा. मामीला तो खिडकीसमोर हवा होता. तडजोड बीमच्या बाजूने झाली.

टांगणीसाठी सहा मिमी जाडीची लोखंडी प्लेट, सहा इंच बाय सहा इंच, तिला खाली वेल्ड केलेली कडी, आणि प्रत्येक प्लेटला दहा मिमीचे चार अँकर (भोकात ठोकून आवळले की फुगून घट्ट बसणारे बोल्ट) असं ठरलं. एका अँकरचं काँक्रीटमध्ये बसणं साठ मिमी. चार अँकर म्हणजे चौपट ताकद असं मात्र नसतं. अँकर उपसून येतो तेव्हा तो काँक्रीटचा एक उलटा शंकू घेऊन येतो. अँकर जवळजवळ असले की हे शंकू एकमेकांत मिसळतात. चार इंचांच्या अंतरावर चार अँकर लावले तर ताकद साधारण अडीचपटच मिळते. आपल्याला तेवढी पुरेशी होती. चार लावण्याचं खरं कारण वेगळं होतं: एखादा दगा देईल तेव्हा बाकीचे तीन हजर असावेत.

म्हणजे काम ठरलं: स्लॅबच्या खालच्या अंगाला दहा मिमीची सोळा भोकं. गिलावा दहा मिमी होता, तो ताकदीत धरायचा नाही. साठ मिमी बसण्यासाठी आणि टोकाला जागा राहण्यासाठी गिलाव्यापासून पंच्याऐंशी मिमी खोल जायचं. स्लॅब पाच इंची, म्हणजे वर अजून पन्नास मिमी काँक्रीट उरतं. मग वरच्यांची लादी.

असल्या कामाला हॅमरच का

घरात दादाकडे तेरा मिमीचं साधं इम्पॅक्ट ड्रिल होतं. त्यात दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासतात आणि भोक पाडणारा बिट पुढेमागे थरथरतो. ठोका किती जोराचा बसणार हे तुम्ही किती दाबता यावर ठरतं. भिंतीत खुंटी मारायला ते चालतं. डोक्यावर हात करून स्लॅबमध्ये पंच्याऐंशी मिमी दाबत राहायचं म्हणजे खांदा निकामी, बिटाचं टोक निळं आणि भोक वाकडं.

रोटरी हॅमरमध्ये मोटर एका डुलत्या बेअरिंगच्या मदतीने पिस्टन मागेपुढे करते. पिस्टन आणि ठोकळा यांच्यामध्ये हवा कोंडलेली असते, ती दाबली जाते आणि ठोकळ्याला बिटावर आदळवते. २६ च्या वर्गातलं चांगलं मशीन प्रत्येक ठोक्याला पावणेतीन ज्यूलच्या आसपास ऊर्जा देतं आणि मिनिटाला चार हजारांपर्यंत ठोके मारतं. माणसाने फक्त मशीन धरून ठेवायचं. बिटाची दांडी दहा मिमीची, खाचा असलेली. एसडीएस प्लस म्हणतात ती पद्धत. ती चकमध्ये, म्हणजे बिट धरणाऱ्या तोंडात, घट्ट आवळली जात नाही, मोकळी सरकते, म्हणून ठोका सगळा बिटाला मिळतो.

कोंडलेली हवा टिकवते ती पिस्टनवरची आणि ठोकळ्यावरची रबरी ओ-रिंग. ती झिजली की मशीन फिरतं पण मारत नाही. आणि फिरण्याच्या वाटेवर एक सुरक्षा क्लच असतो. बिट सळईत अडकला तर मोटर फिरत राहते, क्लच कटकट आवाज करत सुटतो आणि मशीन तुमच्या हातात गरकन फिरत नाही. जमिनीवर उभं राहून काम करताना क्लच नसला तर मनगट दुखतं. परांचीवर उभं राहून छताला भोक पाडताना नसला तर माणूस खाली येतो. या कामासाठी मशीनचा सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच होता, आणि दुकानातल्या संभाषणात त्याचं नावसुद्धा आलं नव्हतं.

दुकानाने काय केलं होतं, काय नव्हतं

बिलावर मशीनचा अनुक्रमांक होता, ही चांगली गोष्ट. तीन महिन्यांची हमी होती, खाली शिक्का: वाइंडिंगची हमी नाही. म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी, सगळ्यात महाग भाग, सोडून बाकीच्याची हमी. दुकानदाराच्या बाजूने बघितलं तर त्यालाही इलाज नाही, गिऱ्हाईक मशीन कसं राबवेल ते त्याच्या हातात नसतं. पण म्हणूनच घेणाऱ्याने वाइंडिंग दुकानातच बघून घ्यायचं असतं.

केबल नवी होती. जुन्या मशीनवर नवी केबल दिसली की मी खूश होत नाही, आधी बूड बघतो. कंपनीची केबल रबरी, लवचीक, मशीनमध्ये शिरते तिथे रबराची बाही आणि आत पकड असते, म्हणजे केबल ओढली तरी ओढ तारेच्या जोडावर येत नाही. इथे पीव्हीसीची ताठ केबल लावली होती, बाही नव्हती, आतली पकड अर्धीच आवळलेली होती. ८०० वॉटला साडेतीन अँपिअर लागतात, तारेची जाडी त्यासाठी पुरेशी होती. प्रश्न जाडीचा नव्हता. शिडीवरून मशीन खाली देताना लोक केबलला धरूनच देतात, तेव्हा काय होईल हा होता. प्लगला तीन पिना होत्या आणि अर्थिंगची पिन रिकामी. यावर दादा घाबरला, पण ते बरोबर होतं. मशीनच्या पट्टीवर चौकोनात चौकोन ही खूण होती, म्हणजे दुहेरी इन्सुलेशन, याला अर्थिंगची तार नसतेच. जुनं, धातूच्या अंगाचं, ही खूण नसलेलं मशीन असतं आणि कुणी त्याची अर्थिंगची तार कापून दोन पिनांचा प्लग लावलेला असता, तर मी ते घरात ठेवू दिलं नसतं.

साइटवरच्या इलेक्ट्रिशियनकडून मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं यंत्र, लावून बघितलं. पाचशे व्होल्टवर इन्सुलेशन दोन मेगाओहमच्या खाली आलं तर असं हत्यार हातात धरायचं नाही. इथे काटा दोनशेच्या पुढे गेला.

कार्बन, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे ब्रश, नवे होते, बाजारातले, कंपनीचे नाहीत. मागच्या जाळीतून आत बघत मशीन चालवलं. कार्बनच्या कडेला लहान निळसर ठिणग्या होत्या, त्या नव्या कार्बनला असतातच. कम्युटेटरच्या, म्हणजे कार्बन ज्यावर घासतात त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या कड्याच्या, वळणावर बसेपर्यंत राहतात. भीती वाटायला हवी ती कम्युटेटरला वेढा घालणाऱ्या पिवळ्या ठिणग्यांची. तसं दिसलं तर आर्मेचरचा, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाचा, एखादा फेरा आतून जोडला गेलेला किंवा तुटलेला असतो, आणि कार्बन कितीही नवे घातले तरी ते लवकरच खाल्ले जातात. इथे वेढा नव्हता. वाइंडिंगवर कंपनीचंच वार्निश दिसत होतं, म्हणजे आर्मेचर नवी तार गुंडाळून पुन्हा भरलेलं नव्हतं. ही बातमी माझ्या मते सगळ्यात चांगली. पुन्हा भरलेलं आर्मेचर चालतं, पण तोल नीट साधला नसेल तर बेअरिंग खातं, आणि तो तोल साधायची सोय छोट्या दुकानात क्वचितच असते.

चकमधला रबरी धूळरोधक फाटला होता. डोक्यावर काम करताना सगळी पूड थेट त्यातच पडणार. तीस-चाळीस रुपयांची वस्तू, पण कुणी बदलली नव्हती, कारण त्याची तक्रार कुणी केली नव्हती.

मार, म्हणजे ठोक्याचा जोर, बघायला साइटवर टाकून दिलेला लिंटेलचा (दारा-खिडकीवरच्या काँक्रीटच्या पट्टीचा) तुकडा घेतला. दहाचा बिट, पन्नास मिमी खोल, वीस सेकंदांच्या आत. हवा टिकत होती, म्हणजे ओ-रिंग बदललेल्या असणार.

क्लच

त्याच लिंटेलमध्ये एका टोकाला सळई उघडी दिसत होती. सोळाचा बिट लावला, बाजूची मूठ घट्ट बसवली, मशीन जमिनीवर दोन्ही पायांच्या मध्ये धरलं आणि सळईच्या कडेला बिटाची धार अडकेल असं भोक सुरू केलं. वेग कमी ठेवला होता. बिट अडकला. क्लच सुटला नाही. मशीनने माझे दोन्ही हात एका बाजूला वळवले, मी बटण सोडलं तोपर्यंत मूठ माझ्या पोटरीला टेकली होती. पुन्हा केलं, तेच. आणखी कमी वेगाने केलं तेव्हा एकदा जड आवाज करत सुटला, पण फार उशिरा.

दादा म्हणाला, "म्हणजे ताकद जास्त आहे ना? चांगलंच की."

हा गैरसमज साइटवरही भेटतो. मशीन सुटत नाही म्हणजे ते जोरात आहे, असं लोकांना वाटतं.

आम्ही मशीन घेऊन दुकानात गेलो. मेकॅनिकने गिअरबॉक्स उघडला, मनापासून उघडला, कटकट केली नाही. आतल्या शाफ्टवर गिअरला दाबून धरणारी स्प्रिंग असते. जोर मर्यादेपलीकडे गेला की गिअर खाचेतून वर चढून सुटतो. त्या स्प्रिंगच्या मागे दोन जास्तीचे वॉशर घातलेले होते. स्प्रिंग जवळजवळ पूर्ण दाबली गेली होती.

"ही वॉशरं आमची नाहीत, साहेब," तो म्हणाला. "माल लॉटमध्ये येतो. हा काँट्रॅक्टरकडचा. आम्ही कार्बन, ओ-रिंग, ग्रीस, केबल एवढं करतो."

"क्लच नाही बघत?"

"क्लच सुटत असेल तर बघतो ना. हा सुटत नव्हता."

मला वाटतं या सगळ्या प्रकरणाचं मूळ या एका उत्तरात आहे, आणि तो माणूस खोटं बोलत नव्हता. आधीच्या मालकाकडे कधीतरी क्लच झिजून लवकर सुटायला लागला असणार. कामगाराची तक्रार: मशीन फिरत नाही. नवा क्लच आणायच्या ऐवजी कुणीतरी वॉशर घातले आणि तक्रार बंद झाली. पुढे ओ-रिंग गेली, मशीन भंगाराच्या भावात लॉटमध्ये आलं. दुकानाने मार परत आणला. त्या मशीनवर झालेली प्रत्येक दुरुस्ती कुणाच्या तरी तक्रारीची होती. क्लचबद्दल तक्रार करणारं कुणी उरलंच नव्हतं, कारण पहिल्या दुरुस्तीनेच त्याचं तोंड बंद केलं होतं. रिफर्बिश्ड म्हणून जे विकलं जातं ते बहुतेक वेळा असंच असतं: जे बिघडलं ते नवं, जे झिजलं ते तसंच, आणि जे जुगाड करून गप्प केलं ते कुणाच्या लक्षातही नाही. कंपनीच्या कारखान्यात पूर्ण खोलून, मोजून, चाचणी करून परत विकलेल्या मशीनची गोष्ट वेगळी. आपल्याकडच्या बाजारात हत्यारांच्या बाबतीत ती गल्लीतल्या दुकानात मिळत नाही.

मशीन परत करायचं की ठेवायचं यावर आमचं दुकानातच बोलणं झालं. मी ठेवायच्या बाजूने होतो. मोटर मूळची, इन्सुलेशन चांगलं, मार चांगला. दोष एका ठिकाणी होता आणि तो आता उघड्यावर दिसत होता. न दिसणारा दोष असलेल्या दुसऱ्या मशीनपेक्षा हे बरं. क्लचचा गिअर, स्प्रिंग आणि चकती कंपनीचे सुटे भाग म्हणून मिळाले, ८५० रुपये. मजुरी घेतली नाही. केबलची पकड आणि बाही, चकचा धूळरोधक हे त्याने तिथेच बसवून दिलं. मी एक आग्रह धरला: बिलावर "आरसीसी स्लॅबमध्ये भोकं पाडण्यासाठी" असं लिहून घ्यायचं. १९३० च्या माल विक्री कायद्याच्या कलम १६ प्रमाणे, गिऱ्हाईकाने वस्तू कशासाठी हवी ते विक्रेत्याला सांगितलं असेल आणि त्याच्या जाणकारीवर भरवसा ठेवला असेल, तर वस्तू त्या कामाला योग्य असावी ही अट गृहीत धरली जाते. हे तोंडी सांगितलेलं ग्राहक आयोगापुढे सिद्ध करत बसण्यापेक्षा बिलावरची एक ओळ स्वस्त पडते. दुकानदार हसला, पण लिहून दिलं.

परत लिंटेलवर येऊन सळईत बिट अडकवला. कट-कट-कट. हातात मशीन जागच्या जागी राहिलं.

छताखाली

वरच्या मजल्यावरच्या काकांना आधी सांगून आलो. त्यांच्या पायाखालीच खोदणार होतो. वेळ सकाळी दहानंतरची ठेवली, दुपारी दोन ते चार बंद.

भोकांच्या जागा आखताना सळईपेक्षा मला भीती होती ती वायरिंगच्या पाइपची. त्या काळच्या इमारतींत स्विचबोर्डपासून पंख्याच्या डबीपर्यंत पाइप स्लॅबमध्येच ओतलेला असतो, बहुधा सरळ रेषेत, पण बहुधाच. बोर्ड ते पंखा, बोर्ड ते ट्यूबलाइट अशा रेषा छतावर खडूने ओढल्या आणि दोन्ही बाजूंना अर्धा फूट सोडला. मग डिटेक्टर फिरवून सळया शोधल्या. साधारण सहा-सहा इंचांवर मिळाल्या, पण साधारणच. एके ठिकाणी दोन जवळजवळ होत्या. हॉलचा एमसीबी बंद ठेवला आणि मशीनला वीज दुसऱ्या सर्किटवरून दिली, तीही साइटवरून आणलेल्या बोर्डातून, ज्यात तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळायला लागली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) आहे. फ्लॅटच्या मूळ बोर्डात ती नाही. तिथे ती बसवणं हे झोपाळ्याहून जास्त गरजेचं काम आहे असं मी दादाला सांगितलं. अजून झालेलं नाही.

शिडी वापरली नाही. शेजारच्या इमारतीत रंगकाम चालू होतं, त्यांच्याकडून दोन घोड्या आणि फळ्या आणून परांची केली. डोळ्यांवर गॉगल, नाकावर एन ९५, बिटावर मधे भोक पाडलेला अर्धा रबरी चेंडू, म्हणजे पूड त्यात साठते. काँक्रीटच्या पुडीतली सिलिका फुप्फुसात जाते आणि तिथेच राहते. डोक्यावर काम करताना ती सगळी तोंडाकडेच येते. वहिनीने सोफा, टीव्ही सगळं जुन्या साड्यांनी झाकलं होतं, तरी संध्याकाळी डाळीच्या डब्यांवर थर होताच.

भोकं दादानेच पाडली. पहिल्या दोन प्लेटी सुरळीत. तिसऱ्या प्लेटच्या एका भोकात चाळीस मिमीवर आवाज बदलला, पूड पांढरी यायची थांबली, आणि क्लच सुटला. सळई होती, डिटेक्टरने दाखवली नव्हती, बहुधा बीमजवळची जादा सळई. दादा परांचीवर होता, दोन्ही हात वर. त्याने बटण सोडलं, बिट उलट फिरवून काढला आणि म्हणाला, "हा कट-कट आवाज येतो ते बरं." त्यावर मी काही बोललो नाही. प्लेट दोन इंच सरकवली, सोडलेलं भोक नॉन-श्रिंक ग्राउटने, म्हणजे सुकताना न आक्रसणाऱ्या सिमेंटी मसाल्याने, भरलं. सळई कापून पुढे जायचा मोह होतो, तसे बिटही मिळतात. स्लॅबच्या खालच्या सळया ओढ घेण्यासाठीच असतात, त्यातली एक झोपाळ्यासाठी कापायची नाही.

भोकातली पूड काढण्यात भोक पाडण्याइतकाच वेळ गेला आणि तो जायलाच हवा. पुडीच्या थरावर अँकर फुगतो पण धरत नाही. ब्रश, सायकलच्या पंपाने हवा, पुन्हा ब्रश. मग अँकर ठोकून, पाकिटावर दिलेल्या टॉर्कला, म्हणजे पिळण्याच्या जोराला, टॉर्क रेंचने आवळले. अंदाजाने पान्याने आवळणं म्हणजे एक सैल आणि एक तुटायला आलेला.

झोपाळा लगेच टांगला नाही. चारही टांगण्यांना फळी लावून तिच्यावर सिमेंटच्या पन्नास किलोच्या दहा गोण्या ठेवल्या, कमाल वजनाच्या दीडपट. फळीखाली बोटभर अंतरावर विटा रचल्या, काही सुटलं तरी बोटभरच खाली येईल अशा. रात्रभर ठेवलं. सकाळी प्लेट आणि गिलावा यांच्यात पोस्टकार्ड शिरतं का बघितलं, शिरलं नाही. अँकर पुन्हा आवळून बघितले, दोन किंचित फिरले. पहिल्या ओढीनंतर असं होतं. त्यासाठीच पुन्हा बघायचं.

पैशाचा हिशेब, ज्यावर आमचं जमलं नाही

मशीन ४,२००, क्लच ८५०, बाही-पकड-धूळरोधक मिळून दीडशेच्या आत, दोन चांगले बिट चारशे. साडेपाच हजारांच्या आसपास. डोंबिवलीत असंच मशीन दिवसाला साडेतीनशे रुपये भाड्याने मिळत होतं, अनामत वेगळी. फॅब्रिकेटरचा माणूस सोळा भोकं हजार-दीड हजारात पाडून गेला असता. निव्वळ झोपाळ्यासाठी ही खरेदी महागच होती, हे मी दादाला स्पष्ट सांगितलं. त्याचं म्हणणं होतं की बाल्कनीचं ग्रिल आहे, स्वयंपाकघरातलं मांडणीचं काम आहे, गावच्या नव्या घराचं सगळंच आहे. गावच्या घराचं खरं असेल तर हिशेब त्याच्या बाजूला झुकतो. पण भाड्याच्या मशीनचा क्लचही कुणी बघितलेला नसतो, उलट तो रोज नव्या हातात असतो, हा त्याचा मुद्दा मला खोडता आला नाही. नव्या स्वस्त मशीनबद्दल मात्र आमचं एकमत होतं: तेव्हा तीन-साडेतीन हजारांत बिनओळखीच्या नावाची २६ ची मशीनं मिळत होती, आणि वर्षभराने त्यांचा क्लचचा गिअर मागायला गेलं तर कुणीच देऊ शकत नाही. नामांकित कंपनीचं जुनं मशीन घेण्यातला खरा फायदा तोच, सुटे भाग मिळतात.

मशीन आता सोसायटीत फिरतंय. दादाने एक वही ठेवली आहे, कुणी नेलं, काय भोक पाडलं, बिट अडकला का. क्लच सुटायला लागला तर मशीन परत आणून द्यायचं, आत काही घालायचं नाही, असं पहिल्या पानावर लिहिलं आहे. परवा कार्बन काढून बघितले, सारखे झिजलेत, अजून निम्म्याहून जास्त आहेत. कम्युटेटरच्या दोन पट्ट्यांवर मात्र काळा डाग धरतोय. पुढे आर्मेचर गेलं तर ते पुन्हा भरून आणायचं नाही, नवं मूळ आर्मेचर मिळेल त्या भावात घ्यायचं, आणि तो भाव मशीनच्या किमतीच्या निम्म्यावर गेला तर मशीन सोडून द्यायचं, असं ठरवून ठेवलं आहे. डोक्यावरचं काम तोपर्यंत त्याच्यावर करायला हरकत नाही, दर वेळी आधी सळईवर क्लच बघून.